हाळीचा मान

आमचे साहेब कुणाच्याही घरी गेले की उंबऱ्यावर थांबून आधी वर बघत. यजमान हात जोडून ‘या, या’ करत उभा, आत चहाचं आधण चढलेलं, आणि साहेब मान मागे टाकून आढ्याची तपासणी करतायत. मग जवळचा खांब तळहाताने ढकलून बघायचा. तो हलला नाही की मगच पाऊल आत. बसायचं ते दाराशी. देवांच्या तसबिरींखाली तर कधीच नाही. ‘देवावर माझा विश्वास आहे,’ ते सांगत, ‘खिळ्यावर नाही.’

रामराम, नमस्कार हे शब्द त्यांच्या तोंडी नव्हते. भेटलं की म्हणायचे, ‘वर बघा.’ आणि समोरच्याने खरोखर वर बघायचं, मग तो मोकळ्या माळावर का उभा असेना. निरभ्र आकाश, एक घारसुद्धा नाही, तरी बघायचं आणि ‘बघितलं, साहेब’ असं सांगायचं. तेवढं झालं की साहेब खूश होऊन पुढे चालू लागत. नसरापूरच्या बाजारात त्यांचं नाव वरबघे पडलं होतं, आणि एखादं जुनं घरंदाज आडनाव असावं तसं लोक ते आदराने घेत. खरं आडनाव वेगळंच होतं. तेव्हा त्याची कुणाला गरज पडली नाही, मलाही आता पडत नाही.

सत्तर सालाच्या आसपासची गोष्ट. नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या एका अंगाला, डोंगराच्या पोटात एका ठेकेदाराची दगडखाण होती. रस्त्याला लागणारी खडी तिथून जायची. दिवसातून एकदा सुरुंग उडायचा, बाकी वेळ घण, पहारी आणि शिव्या. मी तिथे हजेरी कारकून होतो. म्हणजे कोण आला आणि कोण नाही, एवढंच मला कळे. का आला नाही, हे कळून घ्यायची पद्धत नव्हती. ती साहेबांनी आणली. ते फोरमन म्हणून आले ते दूर कुठल्याशा कोळशाच्या खाणीतून. तिथे त्यांनी काय पाहिलं होतं ते कधी सांगितलं नाही. आम्ही विचारलं की ते वर बघत.

त्याच सुमारास मालकांच्या पुण्याच्या कचेरीतून हुकूम सुटला, की खाणीवर सुरक्षा समिती नेमावी आणि तीत कामगारांचा सहभाग असावा. मालक स्वतः जीप घेऊन आले, कडुलिंबाखाली खुर्चीवर बसले, समितीला पेढे वाटले आणि निघाले. साहेब जीपच्या मागे धावत विचारत होते, की समितीने ठरवलेलं पाळायचं ना? मालकांनी जीपमधून हात हलवला, ‘करा हो काय करायचं ते.’ साहेबांनी ते वाक्य जपून ठेवलं. मालकांच्या ते केव्हाच लक्षातून गेलं.

समितीची पहिली बैठक मला अजून दिसते. कामगार उकिडवे बसलेले, साहेब उभे. ते म्हणाले, ‘बोला.’ कुणी बोलेना. ‘काय धोका वाटतो, सांगा.’ सगळे जमिनीवर रेघोट्या ओढतायत. मग साहेबांनीच एक एक सूचना मांडायला सुरुवात केली आणि प्रत्येक सूचनेनंतर सगळे एका सुरात म्हणायचे, ‘व्हय साहेब.’ पाच-सहा वेळा झाल्यावर साहेबांच्या डोळ्यांत निराळीच चमक आली. त्यांनी आवाज अजिबात न बदलता सांगितलं, की उद्यापासून सुरुंगाची दारू दमट झाली तर चुलीवर तव्यात भाजून घ्यावी.

‘व्हय साहेब.’

‘आणि भाजताना विडी ओढावी.’

‘व्हय साहेब.’

एकट्या मारुतीआबांनी तोंड वर केलं. आबा पाटलांच्या भावकीतले, पल्लेदार मिशा, शेतीवर भागत नाही म्हणून खाणीवर यायचे, पण येताना जणू खाण विकत घ्यायला आल्यासारखे यायचे. त्यांनी विचारलं, ‘विडी कंपनीची का आमची?’

साहेब मटकन दगडावर बसले. संध्याकाळी मला म्हणाले, ‘ही माणसं माझ्या तिरडीलासुद्धा व्हय साहेब म्हणून खांदा देतील. मला व्हय नकोय हो. मला एक न्हाई म्हणणारा माणूस द्या.’

मी त्यांना सांगितलं, की तसे बरेच आहेत, पण ते खाणीबाहेर न्हाई म्हणतात.

आता शिट्टीचं सांगायला हवं. साहेब येण्याआधी सुरुंगाला वात लावली की मुकादम शिट्टी फुंकायचा, म्हणजे लोकांनी लांब पळावं. आणि दुपारी जेवणाची सुट्टी झाली की तोच मुकादम तीच शिट्टी फुंकायचा, म्हणजे लोकांनी जवळ यावं. जुन्यांना सूर्याकडे बघून फरक कळे. गेनू नावाचा एक नवा पोरगेला गडी आला, त्याने पहिल्याच दिवशी शिट्टी ऐकली आणि भाकरीचं फडकं घेऊन थेट सुरुंगाखाली आला. जीव वाचला, डावं मनगट वाकडं झालं ते कायमचं. मुकादमाने त्याला भरपाई म्हणून वात लावायचं काम दिलं, कारण वात लावून पळायला दोन्ही हात लागत नाहीत, असं मुकादमाचं म्हणणं.

साहेबांनी ती शिट्टी ओढ्यात फेकली. म्हणाले, शिट्टीला भाषा नाही. माणसाने माणसाला सांगितलं पाहिजे. मग त्यांनी हाळीची शब्दरचना स्वतः केली. खाणीसमोरच्या टेकाडावर एकाने लाल निशाण घेऊन उभं राहायचं आणि चारी दिशांना ओरडायचं, ‘सुरुंग हाय हो ऽ सुरुंग! माणूस, ढोर, पाखरू, लांब व्हा हो ऽ!’ मग थांबायचं. मग विचारायचं, ‘कोण ऱ्हायलंय का हो ऽ?’ कुठूनही ‘हाय’ असं उत्तर आलं तर सगळं थांबलं. काहीच उत्तर आलं नाही तर निशाण वर, आणि मग गेनूची वात. पाखरू कशाला घातलंत, असं मी विचारलं. ते म्हणाले, ‘पाखराची काळजी घेणारा माणूस आपली घेईल, असं लोकांना वाटतं.’

हाळी झाली, निशाण झालं. ओरडणारा माणूस मिळेना.

मारुतीआबांना विचारलं. आबांनी मिशीवरून हात फिरवला आणि सांगितलं, की दवंडी देणं हे आमच्या घराण्याचं काम न्हाई. बाकीच्या शेतकरी गड्यांनी आबांकडे बघून माना हलवल्या. मग सगळ्यांच्या नजरा एका दिशेने गेल्या. तिथे सखाराम पहार मारत होता.

सखारामचा आवाज म्हणजे काय सांगू. तो गप्पा मारत असला तरी ओढ्यापलीकडची म्हैस कान टवकारायची. पण नजरा गेल्या त्या आवाजामुळे नाही. सखारामच्या बापाने आयुष्यभर गावाची दवंडी दिली होती. पुढे त्यांच्या घराने बौद्ध धर्म घेतला आणि त्या दिवसापासून गावकीची असली सगळी कामं सोडली. गावाने बरेच दिवस तोंड वाकडं केलं, पण सोडलेलं सुटलं.

साहेब त्याच्याकडे गेले. सखारामने पहार खाली ठेवली, अंगावरची धूळ झटकली आणि शांतपणे बोलला.

‘साहेब, माजा बाप शिळ्या तुकड्यासाटी गावभर वरडत फिरला. आमी त्ये सोडलं. दगड फोडाय सांगा, सुरुंग ठासाय सांगा, म्या करतो. हाळी न्हाई.’

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं, आता ते सुरक्षेवर व्याख्यान देणार. पण ते म्हणाले, ‘बरोबर आहे तुमचं.’ आणि परत फिरले. वाटेत मला म्हणाले, ‘मागितला होता तसा माणूस मिळाला. फक्त नको त्या वेळी.’

मग हाळी साहेबच देऊ लागले. त्यांचा आवाज बारीक आणि चिरका. टेकाडावर निशाण घेऊन ते जिवाच्या आकांताने ओरडायचे आणि खाली कामगार एकमेकांना विचारायचे, कोंबडी कुणाची सुटली? बाजाराला जाणाऱ्या बाया वाटेत थांबून टाळ्या द्यायच्या. पाली गावाकडून शेरडं घेऊन येणारा एक म्हातारा तर रोज त्या वेळी मुद्दाम थांबायचा. धोक्याच्या जागी गर्दी वाढू लागली. हे सुरक्षेचं काम म्हणून फारसं बरं चाललेलं नव्हतं.

यातून वाट निघाली ती शिवऱ्याच्या एका लग्नात. आमच्या एका गड्याच्या बहिणीचं लग्न, आम्हाला बोलावणं. साहेबांनी मांडवात शिरताच वर बघितलं, मांडवाच्या खांबाची एक मेढ ढकलली आणि ती हलली. झालं. साहेबांनी ती मेढ दोन्ही हातांनी धरली आणि लग्न लागेपर्यंत सोडली नाही. अक्षता त्यांच्या खांद्यावर पडून राहिल्या, टाकायला हात मोकळा नव्हता. मुलीचा बाप दोनदा येऊन विचारून गेला, काही चुकलं का? बसा की. साहेब म्हणाले, ‘मी बसलो तर सगळेच बसतील.’

आणि ऐन मुहूर्तावर नवरदेवाचा मामा रुसला. टोपी-नारळाचा मान आधी दुसऱ्याला दिला म्हणून तो मांडवाबाहेर बाभळीखाली जाऊन बसला. वाजंत्री थांबली, भटजी थांबले, पंगतीचा भात निवायला लागला. गावचे पुढारी, ज्यांच्यासमोर तलाठी उभा राहायला घाबरे, ते उन्हात मामाच्या पुढे हात जोडून उभे. मामा काडीने दात कोरत होता. शेवटी नव्याने नारळ आणला, टोपी चढवली, तेव्हा मामा उठला आणि लग्न पुढे सरकलं.

मेढ धरून उभे असलेले साहेब हे सगळं डोळे विस्फारून बघत होते. परतीच्या वाटेवर ते सारखे थांबत. ‘पाहिलंत?’ ते पुन्हा पुन्हा म्हणत. ‘एक माणूस! ना पैसा, ना जमीन. नुसता रुसला. अख्खं लग्न थांबलं. आणि आपण मूर्खासारखे सहभाग, सहभाग करतोय!’

दुसऱ्या दिवशी ते खाणीवर आले ते हातात भगवा जरीचा फेटा घेऊन. त्यांच्या स्वतःच्या लग्नातला. घरून परवानगी आहे का, असं मी विचारलं. ते म्हणाले, ‘हिला सांगितलं, या फेट्यात मी एकदा सापडलो, आता चार लोकांना वाचू दे.’

त्यांनी सगळ्यांना गोळा केलं आणि जाहीर केलं, की आजपासून हाळी हे काम नव्हे, मान आहे. ज्याची पाळी त्याने हा फेटा बांधायचा. त्याला पहिला नारळ. तो टेकाडावर उभा असेल तोवर खाणीवरचा प्रत्येक जण त्याच्या हुकुमात. मी त्याच्या हुकुमात, मुकादम त्याच्या हुकुमात, आणि मालक आले तर मालकही. त्याने निशाण वर केल्याशिवाय वात लागणार नाही. का केलं नाही, हे त्याला विचारायचं नाही.

‘मालक बी?’ आबांनी विचारलं.

‘मालकांनी स्वतः सांगितलंय, करा काय करायचं ते.’

आबांनी क्षणभर दूर रस्त्याकडे बघितलं. तिथून येणारी जीप आपल्या हातापुढे थांबलेली त्यांना मनातल्या मनात दिसत असावी. मग फेटा उचलला. दवंडीचं आणि घराण्याचं काय झालं ते कुणी विचारलं नाही. आबांनी त्या दिवशी अशी हाळी दिली, की सगळी खाण हातातलं काम टाकून ऐकत राहिली.

आठ दिवसांत पाळीसाठी भांडणं सुरू झाली. एकाने सासऱ्याला बघायला आणलं. पालीचा शेरडंवाला म्हातारासुद्धा विचारून गेला, की बाहेरच्या माणसाला एखादी पाळी मिळंल का. आणि एका सकाळी सखाराम साहेबांपुढे येऊन उभा राहिला. म्हणाला, की तुकड्यावर होतं ते नको म्हणालो होतो. आता मालक हुकुमात हाय म्हणता, तर माझीबी पाळी लावा. कुणाच्या खाली न्हाई आणि कुणाच्या मागनं न्हाई.

साहेबांनी तिथल्या तिथे पाळी लावली. दुसऱ्या दिवशी ती झालीही, आणि ऐकणाऱ्यांना तेव्हा कळलं की याआधी आपण हाळी ऐकलीच नव्हती. पण तिसऱ्या दिवशी आबा फेट्याला हात लावेनात. आपल्याला दुसरा फेटा पाहिजे म्हणाले. कारण सांगितलं नाही, सगळ्यांना कळलं. साहेबांनाही कळलं. ते म्हणाले, ‘लग्न मी एकदाच केलं. फेटा एकच आहे.’

आबा चार दिवस रुसून बसले. पण पाचव्या दिवशी मालकांची जीप आली आणि टेकाडावरून सखारामने नुसता हात आडवा केला, तर ती जीप करकचून थांबली, मालक घाम पुसत उन्हात बसून राहिले. आबांनी ते दृश्य पाहिलं. असं दृश्य आपल्याशिवाय होतंय हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं. सहाव्या दिवशी तोच फेटा त्यांच्या डोक्यावर होता. आता मी असं म्हणणार नाही, की त्यामुळे गावात काही बदललं. विहिरी होत्या तिथेच होत्या, वाटा होत्या तशाच होत्या, आणि आबा घरी गेल्यावर डोक्यावरून पाणी घेत असं ऐकून होतो. पण टेकाडावर फेटा एकच होता.

आणि मग तो दिवस आला. रस्त्याचं पुढचं काम कुणाला द्यायचं हे ज्यांच्या हातात होतं, असे एक बडे पाहुणे पुण्याहून येणार होते. मालकांनी साहेबांना आदल्या दिवशी बजावलं, की मोठा सुरुंग वेळेवर उडाला पाहिजे. नाही उडाला तर मला काम नाही, आणि मग तुम्हालाही नाही. साहेबांना दोन मुली होत्या, भोरच्या शाळेत. ते ‘व्हय साहेब’ म्हणाले. मी पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून ते ऐकलं.

पाळी सखारामची होती. सुरुंग ठासून तयार, गेनू वात घेऊन उभा, सखाराम फेटा बांधून टेकाडावर. पाहुणे, म्हणजे एक गोल, हसतमुख गृहस्थ, चहा घेऊन जरा पाय मोकळे करतो म्हणाले. सुरुंग त्यांना रस्त्यावरूनही दिसेलच, म्हणून मालकांना घाई. सखाराम आपल्या रीतीप्रमाणे चारी दिशा न्याहाळत होता. मालक खालून ओरडले. काय ओरडले ते शब्द साधेच होते, पण सूर जुना होता, सखारामच्या बापाला ज्या सुरात हाक मारत त्याच.

‘ए! बघतोस काय? दे की हाळी. चल, दे लवकर!’

सखारामने मालकांकडे पाहिलं. मग निशाण गुंडाळलं, एका दगडावर बसला आणि मांडीवर निशाण आडवं ठेवलं.

मालकांना आधी काही कळलंच नाही. मग कळलं तेव्हा ते साहेबांवर घसरले. मला वाटतं त्या क्षणी साहेबांना दोन्ही मुली डोळ्यांसमोर दिसत होत्या. पण ते बोलले ते असं, ‘मालक, तुम्ही त्यांच्या हुकुमात आहात. मीही आहे. का, ते विचारायचं नाही असं ठरलंय.’

मालकांनी आबांना हाक मारली. म्हणाले, ‘आबा, तुम्ही घरंदाज माणूस. काढा त्याच्या डोक्यावरचा फेटा आणि तुम्ही द्या हाळी.’

सगळे आबांकडे बघू लागले. बड्या पाहुण्यांसमोर हाळी द्यायची संधी, त्यातून मालक स्वतः विनंती करतायत. आबांच्या मिशीला मोह झालेला स्पष्ट दिसत होता. ते दोन पावलं पुढे गेले. मग थांबले.

‘आज पाळी त्याची हाय,’ आबा म्हणाले. ‘आज त्याची काडली तर उद्या माजी काडाल.’

ह्यात थोरपणा कितपत होता आणि आपल्या मानाची काळजी कितपत, ते मला माहीत नाही. बहुतेक सगळी काळजीच होती. मालकांचा तोल सुटला. ते गेनूकडे वळले, ‘हाळीबिळी राहू दे. लाव वात!’

गेनूने आपलं वाकडं मनगट वर करून त्यांना दाखवलं. एवढंच. मग वात पाठीमागे धरून उभा राहिला.

उन्हं तापलेली, मालक तळमळतायत, साहेब उभ्या उभ्या वर बघतायत. आणि तेवढ्यात, ज्या कड्यात सुरुंग ठासले होते त्याच्याच पायथ्याच्या जाळीतून फांद्या बाजूला सारत पाहुणे बाहेर आले. ओठ जांभळे, दोन्ही खिसे भरलेले.

‘करवंदं फार गोड आहेत हो इथली,’ ते म्हणाले. ‘उडवलंत का?’

मालक खाली बसले. पाहुण्यांनी त्यांना करवंदं देऊ केली. जरा वेळाने मालक उठले, टेकाडाच्या पायथ्याशी गेले, टोपी नीट केली आणि घसा खाकरला.

‘सखारामराव,’ ते म्हणाले, ‘द्या हाळी.’

सखाराम उठला. त्याने फेट्याचा शेमला मागे टाकला आणि हाळी दिली. ‘कोण ऱ्हायलंय का हो ऽ?’ असं त्याने विचारलं तेव्हा पाहुण्यांनी हौसेने हात वर करून ‘मी इकडे आहे!’ असं सांगितलं, त्यामुळे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

पाहुणे भलतेच प्रभावित झाले. जिथे एक साधा कामगार मालकाला थांबवू शकतो अशी सुरक्षा आपण कुठे पाहिली नाही, असं म्हणाले. मालकांनीही नम्रपणे सांगितलं, की आमच्याकडे हे पहिल्यापासून असंच आहे. काम मालकांना मिळालं. खाणीवर मात्र एकच बोलणं, की सखारामने वरून पाहुणे पाहिले होते, म्हणून बसला. केवढं त्याचं ध्यान, केवढी नजर. सखारामने ते दोन दिवस ऐकून घेतलं, मग साहेबांपाशी आला. मी तिथेच होतो.

‘साहेब, म्या कोण बी बघितलं न्हवतं,’ तो म्हणाला. ‘ती जाळी वरनं दिसतच न्हाई. मला राग आला हुता, म्हून बसलो. दुसरं काय न्हाई.’

साहेबांचा आनंद मी काय वर्णन करू. त्यांनी सखारामचे दोन्ही हात धरले. ‘हेच! हेच तर पाहिजे होतं. नजर असलेली माणसं मला कुठून मिळणार? माझी स्वतःची नजर बघा, चष्म्याशिवाय म्हैस दिसत नाही. मला रुसणारी माणसं पाहिजेत. ज्या खाणीत गड्याला रुसता येतं ना, तिथं माणूस मरत नाही.’ त्या वेळी त्यांच्या डोक्यात तो बाभळीखालचा मामा होता, एवढं मला कळलं. सखारामला कळलं की नाही कोण जाणे, पण तो हसला.

महिना सरायच्या आत साहेबांना जावं लागलं. मालकांनी खर्च कमी करायचं कारण दिलं. खरं कारण त्यांनी जीपच्या ड्रायव्हरला सांगितलं आणि ड्रायव्हरने आम्हाला, की स्वतःच्या खाणीत परवानगी मागायला लावणारा माणूस आपल्याला नको. साहेबांनी काही वाद घातला नाही. कुठे दुसरीकडे खटपट करतो म्हणाले, आणि मुलींचे दाखले काढायला भोरला गेले.

पुढचं आधीच सांगून टाकतो. त्यांच्या जागी आलेला फोरमन नवी कोरी शिट्टी घेऊन आला. पहिल्या दिवशी त्याने सुरुंगाच्या वेळी ती फुंकली. सगळ्यांनी पहारी खाली ठेवल्या, हात धुतले आणि भाकरीची फडकी सोडून जेवायला बसले. गेनू पण बसला. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तो नवा माणूस सखारामकडे गेला आणि काय म्हणावं लागतं ते विचारून आला.

साहेब गेले त्या दिवशी आम्ही सगळे नसरापूर फाट्यावर. साहेबांनी एसटीला एक चक्कर मारली, टायरांना लाथा घातल्या, टपाकडे मान वर करून बघितलं आणि कंडक्टरला वर चढवून सगळं सामान पुन्हा बांधायला लावलं. मग संकटकाळच्या दाराजवळची खिडकी पकडून बसले. फेटा त्यांना परत द्यायला आणला होता. त्यांनी घेतला नाही.

त्या दिवशीची पाळी आबांची होती. पण आबांनी फेटा उचलला आणि सखारामपुढे धरला. ‘घाल. पाळी माजी हाय, म्या देतो,’ म्हणाले. आणि सखारामने तो घातल्यावर मागचा शेमला नीट केला, स्वतःच्या हाताने. तोंड मात्र तेवढा वेळ वेल्ह्याच्या बाजूला फिरवलेलं.

ड्रायव्हरने गाडी चालू केली तेव्हा सखाराम निशाण घेऊन रस्त्याच्या मध्ये उभा होता. ड्रायव्हरने भोंगा वाजवला. सखाराम हलला नाही. त्याने हाळी दिली, पुरी, पाखरासकट. फाट्यावरची सगळी दुकानं बाहेर आली. मग तो थांबला. मग त्याने विचारलं,

‘कोण ऱ्हायलंय का हो ऽ?’

कुणी काही बोलेना. निशाण वर जायला लागलं, आणि एवढ्यात एसटीच्या खिडकीतून तो बारीक, चिरका आवाज आला.

‘हाय! मी ऱ्हायलोय!’

निशाण तिथेच थांबलं. नियम नियम असतो. ड्रायव्हरने कपाळाला हात लावून इंजिन बंद केलं.

मग ती गाडी केव्हा सुटली ते मला सांगता यायचं नाही. मी वर बघत होतो.